नाळेंतील रक्त कोणाचें?

मूल जन्मलें, नाळ कापली, वार पुरली, म्हणजे तिचें काम संपलें, असें आमच्या खेड्यापाड्यांतून लोक आजवर मानीत आले. परंतु १९८८ सालीं पॅरिस येथील सेंट लुई रुग्णालयांत एलियान ग्लुकमन या डॉक्टरबाईंनीं एका पांच वर्षांच्या मुलाच्या शरीरांत, त्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्मसमयीं राखून ठेविलेलें नाळेचें रक्त घातलें. त्या मुलास फॅन्कोनीचा पांडुरोग होता. हाडांतील मगज पुरेसें रक्त करीनासा झाला होता. बहिणीच्या रक्तांतील मूळपेशींनीं तेथें मूळ धरिलें व नवें रक्त होऊं लागलें. फेंकून द्यावयाच्या वस्तूनें एक जीव वांचला, ह्याचा आनंद कोणास होणार नाहीं?

त्या आनंदावर मात्र आतां बाजार बसला आहे. बाळंतपण जवळ आलेल्या जोडप्यास सांगण्यांत येतें कीं, पैसे भरून हें रक्त आमच्यापाशीं गोठवून ठेवा. पुढें मुलास कांहीं झालें तर हाच त्याचा विमा. आईबापांच्यानें नाहीं म्हणवत नाहीं. नाहीं म्हटलें तर आपली माया कमी पडली असें मनास लागून राहतें, आणि ज्याच्यापाशीं पैसा नाहीं तो उसनवारीचा विचार करूं लागतो. मायेला असें भय घालून पैसा काढणें आमच्या मतें अन्यायाचें होय. कारण थॅलसेमियासारखा जन्मजात दोष ज्या मुलांत आहे, त्याच्या नाळेच्या रक्तांतहि तोच दोष असतो. मग तें त्याच्या काय कामाचें? इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनेंहि २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, स्वतःच्या पुढील उपयोगासाठीं असें रक्त सांठविण्यास शास्त्रीय आधार नाहीं, असें सांगितलें आहे. घरांत थोरलें भावंड अशा रोगानें आधींच आजारी असेल, तर गोष्ट वेगळी. तेथें डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें अवश्य राखावें.

कोणी विचारतील, अनोळखी रोग्यांसाठीं सार्वजनिक पेढीस दान द्यावें काय? जेथें सोय आहे तेथें द्यावें. पण त्याआधीं हें पाहावें कीं, हें रक्त आईबापांचें नव्हे, बाळाचें आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, नाळ निदान एक मिनिट थांबून बांधावी. तेवढ्यांत पुष्कळ रक्त बाळाच्या अंगांत जातें व पुढील महिन्यांत लोहाची उणीव पडण्याचें भय कमी होतें. आमच्या मंडळ्यांतील भाऊबहिणींनीं दवाखान्यांतील परिचारिकेस ही गोष्ट आधींच विचारून ठेवावी. बाळ श्वास घेत नसेल, तर मात्र डॉक्टर त्या वेळीं योग्य तें करतील.