खांबांचं सोवळं

आमच्या नाटकमंडळींना वाटतं, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या बत्तीस खांबी वास्तूत एखादं भारूड व्हावं. जुन्या देवळाचे कोरीव खांबच तिथे पुन्हा वापरलेत. हात फिरवला की नक्षी अजून बोटांना लागते. आई म्हणते, "देवाच्या खांबापुढं सोंगं नाचवायची?" पण तिचा प्रश्न जुनाच. १२व्या शतकात आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर सोलापुरात देवळं, तळं उभारण्यात गढले होते. या बांधकामातच अडकणार का, असं संत अल्लमप्रभूंनी त्यांना खडसावल्याची कथा आहे. मग ते कल्याणला शरण संतांच्या मेळ्यात गेले. म्हणजे गावच्या दैवतानंच दगडाचा मोह सोडला. एकनाथांनी तर भारुडाच्या सोंगातूनच देव दाखवला. मग सोवळं फक्त खांबांनीच का पाळायचं?