तारणाऱ्याचा हक्क

सिद्धार्थ आणि हंसाची गोष्ट मी वर्गात तीसेक वर्षे सांगत आलो. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस कोणाचा, मारणाऱ्याचा की तारणाऱ्याचा? सारा वर्ग एकमुखाने ओरडतो, ‘तारणाऱ्याचा!’ आणि मास्तर समाधानाने पुढच्या धड्याकडे वळतो. हे उत्तर पुरेसे नाही, हे मला एका परदेशी पाखराने शिकवले.

काही वर्षांपूर्वी बदली होऊन निघालेल्या एका पालकाने आपला कॉकटील पिंजऱ्यासह शाळेला दिला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर नारिंगी ठिपके. पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. झेंडावंदनानंतर मुलांदेखत पिंजऱ्याचे दार उघडावे, स्वातंत्र्याचा याहून चांगला पाठ कोणता, असे माझ्या मनाने घेतले. आमचे कन्नडभाषक शिपाईमामा हळूच म्हणाले, “सर, ह्याला बाहेरचं काय ठाऊक?” मी हसण्यावारी नेले. टाळ्यांच्या गजरात पाखरू उडाले, समोरच्या आंब्यावर बसले आणि पाच मिनिटांत कावळ्यांनी त्याला घेरले. आठवीतल्या एका मुलाने तो रक्ताळलेला जीव टोपीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

पंखाचे हाड मोडले होते. पशुवैद्यांनी पंख अंगाशी मिटवून पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी ती सुटली. हाड जुळले, पण भरारी पूर्वीची राहिली नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या त्या जीवाला हळूहळू राळे, कोथिंबीर, किसलेले गाजर यांची सवय लावली. याच दिवसांत मी वाचू लागलो. कॉकटील हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्याने हिंडणारा पक्षी. त्या देशाने रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० पासूनच बंद केली. आपल्या बाजारातले कॉकटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. आपला राघू, कन्नडातला गिळी, याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तो जखमी सापडला तर बरा करून, उडण्याचा सराव देऊन, थव्यात परत सोडता येतो. या पाहुण्याला परत जायला येथे रानच नाही.

मग पिंजरा योग्य ठरला काय? मुळीच नाही. पहिला अन्याय हौसेने विकत घेण्यातच झाला. पंधरा-वीस वर्षे जगणारा जीव आपण दोन दिवसांच्या हौसेवर घरी आणतो. पण एका अन्यायाचे परिमार्जन नुसते दार उघडून होत नाही. ज्याला दाराबाहेर जगता येते, त्यालाच उघडे दार म्हणजे मुक्ती. माझी दया ही माझ्या भाषणाची शोभा होती. तिची किंमत पाखराने मोजली.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. पाखरू घरी माझ्या खांद्यावर बसून शीळ घाली, आणि ‘मीच याला वाचवले’ हा विचार मला सुखावी. दिवसभर मी शाळेत, आणि ते एकटे. काही दिवसांनी ते छातीवरची पिसे उपटू लागले. पशुवैद्य म्हणाले, “याला सोबत हवी.” खानापूरकडच्या एका परिचितांकडे खोलीएवढ्या जाळीत पाच-सहा कॉकटील होते. तरी मी दोन महिने टाळाटाळ केली. पिंजऱ्याची कडी आता माझ्या मनाला लागली होती.

अखेर नेऊन दिले. रोगाची लागण होऊ नये म्हणून त्यांनी महिनाभर त्याला वेगळे ठेवले, मग थव्यात सोडले. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेलो. ते दुसऱ्या पाखराला खेटून बसले होते. छातीवर नवी पिसे आली होती. मी शीळ घातली. त्याने वळून पाहिले नाही. क्षणभर वाईट वाटले, आणि मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

तारणाऱ्याला हक्क मिळत नाही, जबाबदारी मिळते. आणि ती पेलणारे दुसरे कोणी अधिक योग्य असेल, तर तिच्याबरोबर श्रेयही सोडावे लागते. हंसाची गोष्ट मी आजही सांगतो. वर्ग ‘तारणाऱ्याचा!’ म्हणून ओरडला की विचारतो, “आणि हंसाला काय हवे होते?” वर्ग गप्प होतो. पुढच्या धड्याकडे वळण्याची घाई मी आता करत नाही.