दर्याला कौल

सातेरी ही आमच्या गावची देवी, आणि ती वारूळ आहे. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत, सीमेपलीकडे सावंतवाडीच्या बाजूलाही ती ठिकठिकाणी अशीच भेटते. मातीचा उंचवटा, त्यावर कुठे चांदीचा मुखवटा, कुठे नुसतंच नेसवलेलं लुगडं. वारूळ देवीसारखं दिसत नाही अशी तक्रार घेऊन आजवर कुणी देवळाची पायरी चढलेलं नाही. माझे वडील तिथले गुरव. मूर्ती देवाशी किती मिळतीजुळती आहे, या प्रश्नाने त्यांची झोप कधी उडाली नाही. मूर्तीपुढे माणसं कशी वागतात, आधी कोण बोलतो, दिलेला शब्द कोण फिरवतो, यावर मात्र त्यांची बारीक नजर असे.

मी पणजीत तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. वडिलांची ही नजर मला आता उपयोगी पडते आहे, आणि त्याला कारण माझा भाचा. तो समुद्राच्या आकडेमोडीतला माणूस. मिरामारला फिरायला गेलो की तो पाण्याकडे बघतच नाही, पाण्याबद्दल बोलतो. अलीकडे त्याच्या तोंडी एकच विषय असतो: समुद्राचा डिजिटल ट्विन. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट इथे झालेल्या परिषदेत युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी युरोप असा ट्विन उभारणार असल्याचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे महासागर विज्ञानाचं दशक ठरवलं आहे, त्यातही असे ट्विन जगाने मिळून उभे करावेत म्हणून स्वतंत्र कार्यक्रम आहे. संशोधकांना आणि धोरण ठरवणाऱ्यांना, सगळ्यांना मिळून वापरता येईल असा सामाईक समुद्र, संगणकातला.

भाच्याने समजावलं ते असं. समुद्राचे चौकोन पाडायचे, आडवे आणि खोलीतही. प्रत्येक चौकोनाला तापमान, खारेपणा, प्रवाह, प्राणवायू असे आकडे द्यायचे. पाणी कसं वाहतं याची समीकरणं ते आकडे पुढे ढकलत राहतात, आणि उपग्रह, तरंगती यंत्रं, जहाजं, बंदरातले भरतीमापक यांच्याकडून आलेल्या खऱ्या नोंदी त्यांची चूक सुधारत राहतात. इथवर यात नवं काही नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याच वाटेने मच्छीमारांना अंदाज पुरवत आली आहे. पाण्याचं तापमान आणि उपग्रहाला दिसणारा हरितद्रव्याचा रंग पाहून मासळी कुठे असू शकेल ते ती सांगते. नवं आहे ते ‘तर’. मुरगाव बंदराचा तळ आणखी खोल केला तर? मांडवीतून येणारा गाळ दुप्पट झाला तर? १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी महिनाभर लांबवली तर? खरा समुद्र या प्रश्नांना उत्तर देत नाही. तो आहे ते दाखवतो, आणि केल्यानंतर काय झालं ते दाखवतो. करण्याआधी विचारायची सोय फक्त या ट्विनमध्ये.

माझ्यासारख्याच्या तोंडी लगेच येणारी हरकत म्हणजे, ‘बाबा रे, प्रतिबिंब म्हणजे बिंब नव्हे.’ मी ती घेतली नाही. शास्त्रज्ञांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि वेदान्तातही गोष्ट तिथे संपत नाही. बिंब-प्रतिबिंबवाद शिकवताना मुलांना मी उपाधी नीट समजावत असे: पाणी हललं की त्यातला चंद्र हलतो, वरचा नाही. प्रतिबिंबातला दोष आरशाचा असतो, म्हणून आधी आरसा तपासावा. मी भाच्याला तेच विचारलं, तुझा आरसा कुठे हलतो?

तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, “मामा, किनाऱ्यालाच.” जगभराच्या समुद्राच्या अशा संगणकी प्रारूपांत चौकोनाची बाजू साधारण आठ-नऊ किलोमीटरची असते. आग्वादजवळचं मांडवीचं अख्खं मुख एका चौकोनात हरवतं, तेरेखोल आणि शापोरा या नद्यांची तर बातच सोडा. आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते फ्लोट जगाच्या समुद्रांत सोडलेले आहेत. ते हजार मीटर खोल वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून वर येताना पाणी मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. कमालीचं काम आहे, आणि त्या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. पण रापणकाराची होडी जिथे फिरते त्या वीस-पंचवीस मीटर पाण्यात हे फ्लोट चालत नाहीत. पावसाळ्यात ढग आले की उपग्रहाला रंग दिसत नाही. आणि आमच्या समुद्रात जे घडायचं ते नेमकं पावसाळ्यात घडतं.

काय घडतं? दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं जाऊन पाणी भरून आणत आले आहेत. होडी थांबवायची, बाटली दोरीने खाली सोडायची, खोलीखोलीवर तोंड मिटवायचं, वर काढून आतला प्राणवायू मोजायचा. या कामातून जे हाती आलं ते असं, की पावसाळ्यात खोलातलं कमी प्राणवायूचं थंड पाणी किनाऱ्याकडे चढून येतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू उरतच नाही. त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं, तेव्हा आपल्या किनाऱ्याची जगाने दखल घेतली. नारळीपौर्णिमेला आपण सोन्याचा नारळ वाहून दर्याला शांत करतो, त्यानंतरच्या दिवसांत त्याच्या तळाची ही अवस्था. हे कळलं ते कुणीतरी होडीतून गेलं म्हणून. ट्विन कितीही मोठा होऊ दे, त्याच्या पोटात ही बाटली लागणारच.

तरीही माझा मुख्य प्रश्न आरशाचा नाही. आरसा सुधारेल. सातेरीच्या वारुळाने मला शिकवलं आहे की प्रतिमा हुबेहूब नसली तरी चालतं. प्रश्न आहे तिला विचारायचं कुणी, कसं, आणि उत्तर आल्यावर बांधील कोण.

आमच्या देवळात देवाला विचारायची रीत आहे. कौल लावणं. वडील पहाटे न्हाऊन ओलेत्याने तिथल्या रवळनाथाच्या पाषाणाला पाकळ्या लावत. पाकळी तीर्थात बुडवून खांद्यावर, छातीवर, उजवीकडे आणि डावीकडे अशी जोडीने टेकवायची. ओलाव्याने ती चिकटून राहते. मग गाऱ्हाणं. हे मनातल्या मनात घालायचं नसतं. ज्याचं काम आहे त्याचं नाव घेऊन, काम काय, अडचण काय, कुणाशी वाद, सगळं मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यात शेजारी असतो, भाऊबंद असतो, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोही असतो. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी कुठलीच पडत नाही. वडील अशा वेळी घाई करत नसत. कौल अडला म्हणजे विचारण्यात काही चुकलं, असं ते धरून चालत, आणि समोरच्याला म्हणत, “काय ते नीट सांग. काय लपवलंस?” पुष्कळदा त्याने काहीतरी लपवलेलं निघायचं.

पाकळी का पडते याचं भौतिक कारण मला ठाऊक आहे, वडिलांनाही असावं. कौलाला मी भाबडेपणाने डोक्यावर घेत नाही. मानापमानाच्या वादात उत्सव बंद पडलेले मी पेडण्यात पाहिले आहेत, बायकांनी मागे उभं राहायचं आणि गरिबाचं गाऱ्हाणं शेवटी यायचं हेही पाहिलं आहे. पण त्या रीतीत एक कणखर नीती आहे. प्रश्न चारचौघांत विचारला जातो. ज्याचं नुकसान होऊ शकतं तो हजर असतो. आणि उत्तर आपल्याला नको ते आलं म्हणून दुसऱ्या दिवशी गुपचूप दुसरा गुरव गाठायचा नसतो.

आता ट्विनकडे या. भाच्याच्याच ओळखीतला किस्सा. कुणा एका कामासाठी कुठल्याशा किनाऱ्याची झीज किती होईल हे प्रारूपाला विचारलं गेलं. उत्तर पट्ट्यात आलं, कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. विचारणारा म्हणाला, पट्टा नको, एक आकडा द्या, सादरीकरणात पट्टा बरा दिसत नाही. म्हणजे कौल अडला होता, आणि ‘काय लपवलंस’ असं विचारायला तिथे कुणी नव्हतं. पाकळी बोटाने ढकलून पाडली.

गोव्याला याची चव आधीच मिळाली आहे. २०२१ साली किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे जनसुनावणीला आले. ते चेन्नईच्या संस्थेने तयार केलेले. लोकांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, आमची खाडीकाठची खाजन शेती कुठे, वाळूच्या टेकड्या कुठे, मच्छीमारांची घरं कुठे? मार्चमधली ती सुनावणी गाजली, आणि हरित लवादाच्या आदेशानंतर जुलैत पुन्हा घ्यावी लागली. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत कासवीण कुठे अंडी घालते हे तिथल्या पोरांना झोपेत विचारलं तरी सांगतील. बांध कुठे फुटतो, मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, खारं पाणी कधी आत घ्यायचं, हे खाजन कसणाऱ्याला कळतं. नकाशाही एक प्रतिमाच, फक्त ‘तर’ न विचारता येणारी. तिच्यात जे राहून गेलं, ते उद्या ट्विनमध्येही राहून जाईल, आणि त्या न दिसणाऱ्या माणसाचं नुकसान उत्तरात शून्य येईल. शून्य हा आकडा फार विश्वासार्ह दिसतो.

माझी सासुरवाडी डिचोलीची. तिथून दर्या दिसत नाही, पण भरती तिथे कळते. मांडवीत ती सुमारे पन्नास किलोमीटर आत जाते. खनिजाचे बार्ज त्या पाण्यावरूनच मुरगावला जात. शिरगाव-मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, तिथून ओहोळात, ओहोळातून नदीत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि त्यानंतर त्या पुन्हा सुरू करण्याचा घाट घातला गेला. मोठ्या प्रारूपात नदी म्हणजे काय असतं? किनाऱ्यावरच्या चौकोनात ओतलेल्या पाण्याचा आकडा. डिचोलीचा शेतकरी त्या आकड्याच्या अलीकडे राहतो. समुद्राबद्दलच्या सामाईक यंत्रात त्याचा वाटा आहे असं कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. तिकडे तेरेखोलचा एक काठ गोव्याचा, दुसरा महाराष्ट्राचा, आणि पलीकडे रेडीचं बंदर. पाण्याला सीमा नाही असं म्हणायला सोपं. प्रश्न विचारायचा अधिकार मात्र खात्याखात्यांत वाटलेला आहे.

सामाईक म्हटल्याने काही सामाईक होत नाही, हे गोव्याच्या देवळांइतकं कुणाला कळावं? देऊळ सगळ्या गावाचं, दर्शन सगळ्यांना, पण १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीप्रमाणे कारभार महाजनांचा. महाजनांच्या यादीत नाव नसलेल्याला देव प्रसन्न होतो, पण त्याचं मत विचारलं जात नाही. ट्विनच्या नोंदी सगळ्यांना खुल्या राहतील, चित्रं मोबाईलवर दिसतील, मुलं शाळेत बघतील. हे दर्शन झालं. प्रश्न मांडण्याचं काम मात्र ज्यांच्याकडे गणकयंत्रं आणि पगारी माणसं आहेत ते करतील. महाजन बदलतील, यादी राहील.

आणि बांधीलकी? महाभारतात धृतराष्ट्राइतकी माहिती कुणाकडेच नव्हती. लोक विसरतात ते हे की संजय रणांगणावरून परत आला तो भीष्म पडल्यावर, दहाव्या दिवसानंतर, आणि मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. गीता राजाच्या कानावर पडली तेव्हा युद्धाचे आठ दिवस बाकी होते. आर्गोचा फ्लोटही दहा दिवसांनीच वर येतो, म्हणजे वेग तसा बरोबरीचाच. राजाने विश्वरूपाचं वर्णन ऐकलं, काळाच्या दाढेत चिरडले जाणारे आपले मुलगे ऐकले, उसासे टाकले, आणि ‘पुढे काय झालं’ असं विचारलं. थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी त्याच्याच हातात होता. माहिती मिळणं हे पुण्य नाही. ऐकून बसून राहण्याचं पाप मात्र माहितीमुळेच लागतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला आपण क्षमा करतो. ट्विन उभा राहिल्यावर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब सरकारला उरणार नाही, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी त्याच्या बाजूचा आहे.

भाचा म्हणतो, “मामा, तुम्ही प्रारूपाला गाऱ्हाणं घालायला लावणार!” होय, लावणार. गेल्या महिन्यात मी गावच्या पंचायतीत अर्ज दिला. तेरेखोल ते शापोरा या पट्ट्यातल्या समुद्राबद्दल सरकार अशा यंत्राला जो प्रश्न विचारेल तो आधी ग्रामसभेत मराठीत आणि कोकणीत वाचून दाखवावा, त्यात काय धरलं आणि काय सोडलं ते सांगावं, आणि उत्तर पट्ट्यासकट फलकावर लावावं, अशी मागणी. सरपंचांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, “सर, विषय बरा आहे, पण हा पाठवू कुठे? मत्स्योद्योगाला, बंदर कप्तानाला, पर्यावरणाला की विज्ञान खात्याला?” मी म्हटलं, चौघांनाही. मग त्यांनी आणखी तीन प्रती आणायला सांगितल्या, प्रत्येकीवर सही करून.