वजन उतरले, ओढ उतरली का?



उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामात चहातली साखर सोडणारे बरेच जण भेटतात. कोणी त्याग म्हणून सोडतो, कोणाच्या मनात "त्यानिमित्ताने वजनही उतरेल" असे असते. त्यात मला काही वावगे वाटत नाही. मला कुतूहल आहे ते ईस्टरनंतरचे. चाळीस दिवस दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. एक जण दिवस मोजत होता. सणाच्या सकाळी तो तीन चमचे साखर टाकून सुटकेचा श्वास सोडतो. दुसऱ्याला तोच चहा गोडमिट्ट लागतो आणि तो कप बाजूला ठेवतो. बाहेरून पाहता दोघांनी सारखेच केले. मग फरक कुठे पडला?

ॲरिस्टॉटलने हा फरक सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी हेरला होता. मनात चुकीची ओढ असूनही जो तिला दाबून धरतो, तो निग्रही. ज्याची ओढच वळणावर आली आहे, तो संयमी. निग्रह चांगला खरा, पण संयमाच्या एक पायरी खाली. आपण ज्याला 'डाएट' म्हणतो तो बहुधा निग्रह असतो. त्याला शेवटची तारीख असते: मुलीचे लग्न, नाहीतर डॉक्टरांची पुढची भेट. तारीख उलटली की दाबलेली ओढ उसळते.

आणि ती नुसती मनाची ओढ नसते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. सद्‍विवेकबुद्धीला स्मरून युद्धाला नकार दिलेले, स्वखुशीने आलेले हे तरुण. त्यांच्या निश्चयाबद्दल शंका कोण घेणार? तरीही दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाचेच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुढे पोटभर मिळू लागल्यावर अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. म्हणून वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला "तुझ्या मनात जोरच नाही" असे सुनावणे मला अन्यायाचे वाटते. (थायरॉइड, औषधांचे परिणाम ही कारणे वेगळीच. तिथे उपदेश नको, डॉक्टर हवा.)

मग ओढ वळणावर आणायची कशी? पोप महान ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्विनास यांनी ते पुढे उलगडून दाखवले: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हट्ट, अति खाणे, अधाशीपणे खाणे, जिभेचे चोचले पुरवणे. पाचांतला एकच प्रकार प्रमाणाचा! बाकीचे चार 'किती' याविषयी बोलतच नाहीत. (संत थॉमस स्वतः अंगाने चांगलेच भारी होते, असे परंपरा सांगते. तेव्हा कमरेचा घेर पाहून कोणाला खादाड ठरवू नये.)

आपल्या घरांत पाहा. आजोबा पहाटेपासून वाडीत राबत. तांदळाच्या तीन भाकऱ्या त्यांना हव्याच होत्या. नातू विरार लोकलने जाऊन दिवसभर खुर्चीत बसतो, ताट मात्र आजोबांचेच राहिले. त्यात रात्री दहाला मोबाईल बघत जेवण. किती खाल्ले याचा पत्ता नाही, आणि चवही कळत नाही. आई मुलांच्या ताटात उरलेले "टाकवत नाही" म्हणून स्वतः खाते. अन्न वाया न घालवणे हा सद्‍गुणच, पण त्यासाठी तिच्या पोटाला वेठीस का धरावे? मुळात कमी वाढावे. अर्धी भाकरी कमी, मोबाईल दूर, जेवण लवकर. मात्र याला शेवटची तारीख नको. नाताळात फुगे आणि पोर्क आनंदाने खा. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहू नका.

एक प्रश्न पुरुषांना मुद्दाम विचारतो. डॉक्टरांनी तुम्हाला तेल कमी करायला सांगितले, तर तुमच्यासाठी वेगळे कालवण कोणी करायचे? दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने चुलीवर दोन पातेली चढवण्यापेक्षा साऱ्या घराच्याच कालवणातले तेल एक चमचा कमी करावे. पहिले काही दिवस मुले कुरकुर करतील. तेव्हा वडिलांनी मागून तेच कालवण आणखी एकदा वाढून घ्यावे.