एका युनिटाहून कमी

वणीच्या बाजूला, वर्धेच्या खोऱ्यात, कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. मनानं त्यांतल्या एकीच्या काठाशी या. घाई नको. खाली दिसतो तो काळा थर म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनं रान. त्या झाडांनी साठवलेलं ऊन अजून तिथेच आहे. मूठभर कोळसा उचला. त्याचं वजन हाताला जाणवू द्या.

आता वर पाहा. यवतमाळचा मे महिना सोसलेल्याला सूर्याची ताकद सांगायला नको. पण त्याला धरून ठेवायला भिंत नाही, यावर थोडं थांबा. स्वतःच्याच भारानं तो आवळला जातो, म्हणून गाभ्यात हायड्रोजनची केंद्रकं जुळत राहतात. एवढा भार पृथ्वीवर कुठून आणायचा?

श्वास सावकाश सोडा. मोहरीच्या दाण्याएवढी एक पोकळ गोळी डोळ्यांपुढे आणा. कवच हिऱ्याचं, आतून ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचा गोठलेला थर. ड्युटेरियम पैनगंगेच्या पाण्यातही आहे. ट्रिटियम मात्र घडवावं लागतं. गोळी सोन्याच्या इवल्याशा नळीत टांगलेली. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर झोत या नळीच्या दोन्ही तोंडांतून आत शिरतात. सोनं तापतं, क्ष-किरण फेकतं. कवचाचा बाहेरचा भाग उडतो आणि उरलेला आत रेटला जातो, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं.

इथे रेंगाळा. दाब चहूबाजूंनी सारखा हवा. एका अंगाला थोडा कमी पडला तरी गाभा पेटत नाही. आणि दाबलेल्या इंधनाला आवरणारं बाहेरचं काहीच नाही. ते विखुरणारच. पण विखुरायलाही वेळ लागतो, कारण त्याचं जडत्व आड येतं. तो वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात केंद्रकं जुळायला हवीत. या साऱ्या विद्येत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

५ डिसेंबर २०२२ रोजी ती हवी तेवढी जुळली. लेझरनं २.०५ मेगाज्यूल दिले, गोळीनं ३.१५ परत केले. आनंद पुरता होऊ द्या. प्रयोगशाळेत दिल्याहून जास्त ऊर्जा मिळवणं माणसानं पहिल्यांदाच साधलं होतं. मग घरच्या मीटरकडे वळा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे मिळालं ते एका युनिटाहून कमी. तुमच्या मुठीतल्या कोळशातही साधारण तेवढीच उष्णता आहे. आणि लेझर चालवायला लागली सुमारे ३०० मेगाज्यूल वीज, ऐंशीहून जास्त युनिटं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी राहू द्या. एकानं दुसरा पुसू नका.

काम आपल्याकडेही चालू आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी तीव्र लेझरच्या आघातानं उसळणारे इलेक्ट्रॉन आणि लक्षावधी गॉसची क्षणिक चुंबकीय क्षेत्रं मोजत आले आहेत. या संशोधनासाठी त्यांना २०१५ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. दाबलेलं इंधन निराळ्या, अतिलघु झोतानं पेटवायचं झालं, तर या इलेक्ट्रॉनांची वाट ठाऊक असावीच लागेल.

वीजकेंद्रासाठी असा स्फोट सेकंदाला दहाएक वेळा घडायला हवा. लिव्हरमोरच्या लेझरची काच एका माऱ्यानंतर निवायलाच तास घेते. तिला चेतवणाऱ्या दिव्यांची बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. दिव्यांच्या जागी डायोड आले तर ही गळती पुष्कळ आटेल. आता त्या ऐंशी युनिटांच्या मागोमाग चला : तारेतून दिव्यात, दिव्यातून काचेत, काचेतून सोन्यात, सोन्यातून गोळीत. प्रत्येक टप्प्यावर थांबा आणि तिथे किती गळलं, ते पाहा.