कानावर पडणारं घर

माझ्या मुलीला ऐकू येत नाही हे आम्हाला कळलं तेव्हा ती २२ महिन्यांची होती. त्याआधी सासूबाईंनी तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटून पाहिलं होतं आणि ती वळली होती. चिपळूणच्या आमच्या माडीला लाकडी तक्तपोशी आहे. आवाज कानाला कळला नाही तरी फळ्यांची थरथर पायांना कळते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. "हिचे आजोबाही उशिराच बोलले," म्हणून सगळे निर्धास्त झाले. एका डॉक्टरांनीही थोडं थांबायला सांगितलं. त्या थांबण्याची रुखरुख अजून जात नाही.

कारण थांबायची काही गरज नव्हती. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवून ओएई तपासणी काही मिनिटांत होते. शंका आली तर पुढे बेरा ही तपासणी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा हिशेब आता जगभर मानला जातो. ऐकणारं बाळ गर्भातल्या शेवटच्या महिन्यांतच आईचा आवाज ऐकत असतं. माझी मुलगी जवळजवळ दोन वर्षं मागे पडली होती.

निदान झालं आणि घरातलं सगळं बोलणं कानाच्या मशीनभोवती फिरू लागलं. कान वाढला की कानात बसणारा मोल्ड सैल होतो, मग मशीन शिट्टी मारतं. कोकणातला पावसाळा म्हणजे रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. साडेतीन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं. केंद्राच्या एडीआयपी योजनेतून लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेला मदत मिळते, हे अजूनही कितीतरी पालकांना माहीत नसतं. शेजारीपाजारी विचारत, "आता बोलेल ना?" चष्मा लावला की दिसतं, तसं हे नाही. इम्प्लांट आवाजाची चाहूल मेंदूपर्यंत पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ मुलाला नव्याने, महिनोन्‌महिने शिकावा लागतो. मिक्सर, पंखा, टीव्ही चालू असेल किंवा बोलणारा चार हात लांब असेल, तर तो आवाजही विरून जातो.

ती पाच वर्षांची असतानाची गोष्ट. स्पीच थेरपीमुळे तिला रंग, फळं, प्राणी, सगळी कार्डं पाठ झाली होती. एका सकाळी आजीचं अंथरूण रिकामं दिसलं. तिने पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, मागच्या पडवीत पाहिलं, आणि मग ती रडायला लागली. आजी आत्याकडे पुण्याला गेली होती. चार दिवस जेवताना आम्ही त्याचंच बोलत होतो: गाडी कुठली, आंबोळीचं पीठ न्यायचं की नाही, आत्याचं बाळंतपण. ती आमच्या पंगतीतच बसलेली होती. कान यंत्राने उघडले होते, पण एकाच वेळी पाच जण बोलत होते आणि कुणाचंही तोंड तिच्याकडे नव्हतं.

मराठीत आपण "कानावर पडलं" म्हणतो. मूल शिकतं ते बरंचसं असंच. काका का रुसलाय, उसने पैसे म्हणजे काय, मावशी वेगळी आणि मामी वेगळी, हे कुणी कार्ड दाखवून शिकवत नाही. ते पडत राहतं आणि मूल वेचत राहतं. ज्याच्या कानावर काही पडत नाही, त्याच्या वाट्याला फक्त त्याच्याशी मुद्दाम बोललेलं येतं. आणि आपण त्याच्याशी बोलतो ते किती? "जेव. झोप. शाबास." त्याने काही विचारलं, तर "काही नाही, असंच," किंवा "नंतर सांगते". ते नंतर कधी येत नाही. माझ्या मते कर्णबधिर मुलाचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते करणारे आपणच असतो.

ओठ बघून सगळं कळतं हा आणखी एक गैरसमज. आरशासमोर आवाज न काढता "बाबा", "मामा", "पापा" म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतात. क आणि ग तर ओठांवर उमटतही नाहीत.

हातांच्या खुणा करू नका, केल्या तर ती बोलायची नाही, असं आम्हाला बजावलं होतं. ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलान इथल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला. तो करणारे बहुतेक सगळे ऐकणारे होते. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला, म्हणजे १३० वर्षांनी. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. मुलगी सहा वर्षांची झाल्यावर एका कर्णबधिर ताईंकडे ती आणि मी दोघी ही भाषा शिकलो. तिचं बोलणं थांबलं नाही. उलट तिच्या मनातलं मला पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात कळलं. कुणाला इम्प्लांट मानवेल, कुणाला नाही. मुलाला भाषा लवकर आणि भरपूर मिळाली पाहिजे, मग ती कानाने येवो, डोळ्याने येवो की दोन्हींनी.

पण ती द्यायची कुणी? थेरपीची वही आईच्या हातात येते, गृहपाठ आईचा, आणि मूल बोललं नाही तर दोषही आईचाच. एका माणसाच्या बोलण्याने घर कानावर पडत नाही. आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून, तोंड समोर करून सांगायला हवं. काकाने दारातून हाक मारण्याऐवजी जवळ यायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी ही बहिरेपणाची मर्यादा धरली आहे, आणि त्याचा दाखला मिळतो. पण जेवताना झालेल्या गप्पांपैकी किती त्या मुलापर्यंत पोचल्या, हे आपलं आपणच मोजायचं आहे.

या दिवाळीत फराळाला घर भरेल. त्यात असं एखादं मूल असेल, तर त्याच्या हातात मोबाइल देऊन त्याला आतल्या खोलीत बसवू नका. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे त्याच्यासमोर बसा. एका वेळी एकानेच बोला. आणि सगळे हसलात, तर कशाला हसलात ते त्याला तेव्हाच सांगा.