पुढे काय झालं?

कुंभकोणम म्हटलं की मराठी माणसाला गोपुरं, कावेरी आणि बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव आठवतो. सुमारे पावणेदोनशे वर्षं, १८५५पर्यंत, भोसल्यांची गादी असलेल्या तंजावरच्या मुलखातलं हे गाव. त्याच्या नावाची एक तमीळ रहस्यकादंबरी आहे : ‘कुंभकोणम वकील’. लेखक वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार. त्यांच्या ‘दिगंबर सामियार’वर १९५०मध्ये चित्रपटही निघाला. पण मला त्यांची आठवण ठेवावीशी वाटते ती दुसऱ्याच कारणाने. १९२०च्या दशकात एका नवख्या लेखिकेच्या पाठीशी ते उभे राहिले.

वै. मु. कोदैनायकी अम्माळ या त्या लेखिका. जन्म १९०१, लग्न पाच-साडेपाच वर्षांच्या वयात, शाळा नाहीच. गोष्टी मात्र त्यांच्या तोंडून झऱ्यासारख्या वाहायच्या. पहिलं नाटक, ‘इंदिरा मोहना’, त्यांनी सांगितलं आणि मैत्रिणीने, पट्टम्माळने, उतरवून घेतलं. कारण लेखिकेलाच तेव्हा लिहिता येत नव्हतं! पुढे त्या लिहायला शिकल्या. ‘वैदेही’ ही त्यांची पहिली कादंबरी. बंद पडलेलं ‘जगन्मोहिनी’ मासिक त्यांनी १९२५मध्ये हाती घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं नेटाने चालवलं. गांधीजींच्या प्रभावाने खादी नेसल्या, सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, तिथेही लिहीत राहिल्या. १९६०मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर ११५ कादंबऱ्या होत्या.

या कादंबऱ्यांत रहस्य, प्रेम, ताटातूट, शेवटी उलगडा. समीक्षेने अशा लेखनाला ‘रंजन’ म्हणून बाजूला सारलं. मला मात्र त्यात एक मोठी गोष्ट घडताना दिसते. ज्या घरात मुलीने प्रश्न विचारणं हा उद्धटपणा होता, त्या घरात कादंबरीने तिच्या हाती एक प्रश्न दिला : पुढे काय झालं? तो विचारायला कुणाची परवानगी लागत नव्हती. उत्तर हवं तर पान उलटायचं, मासिकाच्या नव्या अंकाची वाट पाहायची, अडलेलं अक्षर लावायचं. नुकती वाचायला शिकलेल्या बाईला वाचनाची गोडी लागते ती अशा ओढीने. उपदेशाच्या पुस्तकांनी ती क्वचितच लागते.

आणि रहस्यकथा वाचकाला संशय घ्यायला शिकवते. समोरचा माणूस सांगतो तसाच आहे का? हे पत्र खरंच त्याचं आहे का? परक्या घरात नांदायला गेलेल्या मुलीला याहून उपयोगाची विद्या कोणती? म्हणूनच मला रहस्यकादंबरी आणि प्रेमकादंबरी सख्ख्या बहिणी वाटतात. गुन्हेगार कोण, हे एक विचारते. विश्वास कुणावर ठेवू, हे दुसरी.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः कौटुंबिक आणि प्रेमकादंबरी आली. कोल्हापूरच्या सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या. रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर डॉक्टर होत्या आणि आमदारही. तमीळमध्ये ‘लक्ष्मी’ या नावाने लिहिणाऱ्या त्रिपुरसुंदरीही डॉक्टरच. त्यांना १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिवसभर बायकांची दुखणी ऐकणाऱ्या या लेखिकांनी घराघरांत काय लपवलं जातं, हे जवळून पाहिलं होतं.

या पुस्तकांचं आपण काय केलं? वाचनालयातल्या प्रती हातोहात फिरून झिजल्या, शिवण उसवली, मग रद्दीत गेल्या. जे सर्वांत जास्त वाचलं गेलं, तेच सर्वांत आधी नष्ट झालं. चेन्नईच्या रोजा मुथैया ग्रंथालयाने जुनी लोकप्रिय तमीळ छापील पुस्तकं मोलाची मानून जपली. आपल्याकडेही गावोगावच्या वाचनालयांनी निदान एकेक प्रत वेगळी काढून ठेवावी. त्या पानांच्या मुडपलेल्या कोपऱ्यांत आपल्या आज्या-पणज्यांच्या वाचनाचा इतिहास आहे. चूल विझल्यावर, दिव्याच्या वातीपाशी, त्या कुठे थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी कुठून पुढे निघाल्या, हे ते कोपरेच सांगतात.